जीप काकूची, इंजिन दिनेशचं

नागपूरच्या व्यापाऱ्याने जीपचं बॉनेट वर उचललं, आत डोकावला आणि त्याचा चेहरा पडला.

"हे तर डिझेल आहे," तो म्हणाला. "चौसष्ट सालची विलीज पेट्रोलवर होती. तिचं स्वतःचं इंजिन कुठं गेलं?"

चिंचेखाली तिघं होती. बाजेवर गिरजाकाकू, तिच्यामागे ऊर्जानगरहून आलेली तिची मुलगी जया आणि पुढच्या चाकाशी हातात पाना घेतलेला पुतण्या दिनेश. जीप काकूच्या नवऱ्याची, गोविंदाकाकांची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"गेलं असंन भंगारात," काकू म्हणाली. "लय वर्षं झाले त्या गोष्टीले."

व्यापाऱ्याने दिनेशकडे पाहिलं. मेकॅनिक हाच, हे त्याने कपड्यांवरून ओळखलं होतं.

"हो, जुनी गोष्ट आहे," दिनेश म्हणाला. एवढंच. आणि चाकाचा आधीच घट्ट असलेला नट पुन्हा कसू लागला.

ते इंजिन भंगारात गेलेलं नव्हतं. ब्रह्मपुरीला, त्याच्या गॅरेजच्या मागच्या टिनाखाली, ग्रीस चोपडून, ताडपत्रीत गुंडाळून, सागाच्या दोन ओंडक्यांवर ते पंचवीस वर्षं बसून होतं.

व्यापाऱ्याने हात झटकले. "इंजिन असतं अन् त्याचा नंबर गाडीच्या बुकाशी जुळला असता, तर साडेतीन लाख दिले असते. शौकीन लोक त्या नंबरासाठीच पैसे मोजतात. आहे अशी घ्यायची तर एक लाख वीस हजार. रविवारी फोन करतो."

त्याची गाडी धूळ उडवत गेली तशी जया पुढे आली.

"दिनेशभाऊ, जीप तूच घेतो म्हणत होता ना? मंग सांग, एक वीस बरोबर आहे का? तुह्याहून जास्त या जीपचं कोणाले समजते?"

प्रश्न साधा होता, पण तिची नजर साधी नव्हती. दिनेश म्हणाला, "रविवारी सांगतो," आणि मोटरसायकलला किक मारून निघाला.

दिनेश जातीचा ढिवर. बाप लवकर गेला, तेव्हा काकांनी त्याला घरी आणलं. काकांकडे गावच्या तलावाच्या मासेमारीचा वाटा होता आणि ही जीप. धानोऱ्याकडच्या एका जंगल ठेकेदाराने कारभार गुंडाळला, तेव्हा त्यांनी ती दोन वर्षांच्या मासोळीच्या पैशात उचलली होती. पहाटे तीत मासोळ्यांचे टोपले ब्रह्मपुरीच्या बाजारात जायचे आणि परतताना त्याच जागेवर माणसं बसायची. वैनगंगेला पूर आला की आजूबाजूच्या चार गावांची बाळंतिणीची सवारीही तीच. मासोळीच्या वासाबद्दल तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही.

दिनेश आधी ती धुवायचा, मग तिच्याखाली झोपून नट कसायला लागला आणि पंचविसाव्या वर्षी त्याने बसस्टँडच्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याच वर्षी पेट्रोल परवडेनासं झालं. काका म्हणाले, डिझेल बसव. दिनेशने बावीस दिवस खपून ते बसवलं. मजुरी द्यायला काकांजवळ पैसे नव्हते.

"हे जुनं इंजिन मजुरीत धर," ते म्हणाले होते. "इकशीन तं इक, ठेवशीन तं ठेव. आता तुहं."

कागद झाला नाही. साक्षीदार कुणी नव्हतं. काकू तेव्हा भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती आणि जया शाळेत होती. इंजिन विकायचा विचार दिनेशच्या मनात कितीदा तरी आला, भंगारवाले दारात उभे राहिले, पण प्रत्येक वेळी त्याने ताडपत्री नीट करून त्यांना वाटेला लावलं. एक दिवस जीप आपली झाली की हे इंजिन तिच्यात परत बसवायचं, ही गोष्ट त्याने बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

आता तो दिवस दारात होता. घरात दीड लाख जमले होते, गाडी उचलायच्या लिफ्टसाठी ठेवलेले. एक वीस काकूला द्यायचे, जीप आणायची, महिनाभरात इंजिन चढवायचं. साडेतीन लाखांची गाडी एक वीसमध्ये. इंजिन त्याचंच, भाव बाहेरच्या माणसाने काढलेला. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

तरी त्या आठवड्यात त्याने एका ट्रॅक्टरची क्लचप्लेट उलटी बसवली. असं त्याच्या हातून पोरवयातही झालं नव्हतं.

डबा घेऊन आलेली दीपाली, त्याची बायको, स्टुलावर बसली. "काऊन असं करून राह्यले तुमी?"

त्याने सगळं सांगितलं.

"इंजिन तुमचंच आहे ना? काकाजीनं दिलं ना? मंग आधी जीप घ्या, इंजिन बसवा, मंग सांगा."

"मंग जया म्हणीन, तवा काऊन नाई सांगितलं."

"म्हणू द्या. ती काय वर्षातून दोनदा येते."

"अन् काकू?"

दीपालीने डब्याचं झाकण लावलं. काकूचं तिलाही माहीत होतं. काका गेल्यावर काकू दोन महिने लेकीकडे आणि दहा महिने गावात राहायची, आणि दोन्हीकडे चहापत्तीपासून औषधापर्यंत दुसऱ्याच्या हाताकडे बघायची. जीप विकायचं तिनेच काढलं होतं. "माह्या नावाचा पैसा मी जन्मात पाह्यला नाई," ती म्हणाली होती. "एकदा पाहू द्या."

"तुमाले पटते ते करा," दीपाली उठली. "पण लिफ्टचे पैसे गेले, जीपही गेली, असं करून घरी येऊ नका."

रविवारी सकाळी दिनेशने शेजारच्या गॅरेजातल्या दोघांना हाक मारली, चेन-पुलीने इंजिन मालवाहू ऑटोत चढवलं आणि गाव गाठलं. वाटेत दोनदा त्याला वाटलं, ऑटो वळवावा. अंगणात ते ओझं उतरलं तेव्हा काकू तांदूळ निवडत होती आणि जया फोनवर होती. दिनेशने ताडपत्री सोडली.

"हे जीपचं इंजिन. पंचवीस वर्षांपासून माह्याजवळ आहे. काकानं मजुरीत देल्लं होतं."

जयाचा फोन कानावरून खाली आला. "त्या दिवशी त्या माणसानं तोंडावर विचारलं तुले. काऊन नाई बोलला?"

दिनेशने चार दिवस दुसरं उत्तर शोधलं होतं. सापडलं नव्हतं. "लालच सुटली," तो म्हणाला.

"अस्सं. म्हणजे आई एक वीसमधे खूश होऊन बसली असती अन् तू साडेतीन लाखाची गाडी चालवत फिरला असता. अन् मजुरीत देल्लं म्हणतो, कोणी पाह्यलं? बाबा तं आता सांगाले येत नाई."

"कोणी नाई पाह्यलं."

"मंग कशावरून धरू? जीपमधून निघालं, म्हणजे जीपचंच ते. आईचं."

"तसं म्हणशीन तं तसं. उतरवून तं ठेवलंच आहे."

ऑटोवाला पैशासाठी थांबला होता, तो हळूच फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. काकूचे हात सुपात थांबले होते.

"कोणतं साल होतं रे ते?" तिने विचारलं. "मी भावाच्या लग्नाले गेली होती तवा?"

"हो."

काकूने सूप बाजूला ठेवलं. "मी वापस आली तं जीपचा आवाजच बदललेला. म्या यायले, तुह्या काकाले, विचारलं, पोरानं एवढे दिवस घातले, त्याले काय देल्लं? तं म्हणे, दिनेश घरचाच आहे, भागवलं. मले वाटलं, फुकटात राबवून घेतलं लेकराले. लाज वाटे मले. म्हणून दर शुक्रवारी तुह्या घरी मासोळी धाडत होती मी. यायनं इंजिन देल्लं, हे मले आज समजून राह्यलं."

दर शुक्रवारच्या त्या पिशवीचा अर्थ दिनेशला पन्नाशीत कळला.

"जया, इंजिन त्याचं आहे," काकू म्हणाली. "तुह्या बापानं ‘भागवलं’ म्हटलं म्हणजे भागवलं. खोटा बोलणारा माणूस नोहता तो."

जया मऊ झाली नाही. तिने व्यापाऱ्याला फोन लावून आवाज मोठा केला. इंजिन सापडलं म्हटल्यावर पलीकडचा माणूस घाईने म्हणाला, "नंबर वाचा." काकूने लोखंडी पेटीतून गाडीचं जुनं बुक आणलं. दिनेशने रॉकेलच्या चिंधीने वॉटर पंपाजवळची जागा पुसली. जया वाकून एकेक आकडा वाचू लागली आणि काकू बुकावर बोट ठेवून बघत राहिली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, आकडा येत होता. शेवटचा आकडा झाला तशी तिने मान हलवली.

"साडेतीन पक्के," व्यापारी म्हणाला. "बसवून द्या. उद्या टोकन पाठवतो."

जयाने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून त्याची मागची बाजू गुडघ्यावर घेतली. "आता हिशेब होऊन जाऊ दे. बसवाले खर्च किती?"

"तीस हजार. जीपमधलं डिझेल इंजिन निघंन, त्याचे तेवढे येतात. बरोबरी."

"बिल दाखवशीन."

"दाखवीन."

"आईच्या जीपचे एक वीस. नुसत्या इंजिनाले कोणी काय देईन?"

"तीस हजार. जीपबिगर त्याचा उपयोग नाई."

"दोन्ही मिळून दीड लाख. जोडले तं साडेतीन. मंग मधातले दोन लाख कोणाचे?"

याच दोन लाखांपाशी दिनेश चार दिवस अडकला होता. जपून ठेवलं त्याने, म्हणून ते आहेत. पण काकांनी जीप चाळीस वर्षं विकली नाही, म्हणूनही ते आहेत.

"जीप नसती तं इंजिन लोखंड होतं," तो सावकाश म्हणाला. "अन् इंजिन नसतं तं जीप एक वीसचीच. अर्धे-अर्धे. काकूचे एक लाख, माह्ये एक लाख. म्हणजे काकूच्या जीपची किंमत दोन लाख वीस हजार. नागपूरवाल्याले देल्ली तरी तिले तेवढेच भेटन, मी घेतली तरी तेवढेच देईन."

जयाने आकडे पुन्हा मांडून पाहिले. खोट सापडली नाही. "बरं. तुह्याजवळ आहेत दोन वीस?"

"दीड आहेत. सत्तर हजार थांबा लागंन."

"घरच्याले उधार नाई," जया लगेच म्हणाली. "घरच्याले मांगता येत नाई मंग. आई मागंन तुले? कधीच मागणार नाई."

ते खरं होतं.

तेव्हा काकू म्हणाली, "दीडमधे घेऊन जा रे. माह्या जीवाले तेवढे पुरतात. जीप तुह्याकडं राह्यली तं यायलेही बरं वाटंन."

जया ओठ आवळून आईकडे पाहत राहिली. तिने अडवलं नाही. पैसे आईचे होते. एक ‘हो’ म्हटलं की जीप दिनेशची होती. दीपालीने बजावलेलंही पाळलं गेलं असतं.

दिनेशला तो ‘हो’ अगदी जिभेवर आल्यासारखा वाटला. "नाई काकू," तो म्हणाला. "किंमत म्याच काढली. आता मीच कमी देऊ तं आजचं सगळं बोलणं नाटक ठरंन. नागपूरवाल्याले देऊन टाका. महिनाभरात बसवून देतो."

त्याने ताडपत्री घडी करायला घेतली. घडी नीट पडत नव्हती.

"थांब," जया म्हणाली.

तिने कॅलेंडरचा तो कागद पुन्हा गुडघ्यावर घेतला. "धानाचं मळणीचं काम तुह्याकडं कवापासून येते?"

"दिवाळीनंतर. माघापर्यंत."

"मंग आज दीड आईच्या खात्यात टाक. बाकी होळीच्या आधी. तवापर्यंत जीप इथंच, नावही आईचंच. नागपूरवाल्याले सांगतो मी, सध्या टोकन पाठवू नको. होळीले एक रुपया कमी असला तरी मी नागपूरले फोन करीन, अन् आई मधात पडली तरी ऐकणार नाई. आईच्या जागी मागाचं काम मी करीन."

"लिहून देतो," दिनेश म्हणाला.

"लिहूनच पायजे मले," जया म्हणाली, आणि पेन त्याच्या हातात दिला.

त्या हंगामात थ्रेशर आणि ट्रॅक्टर जिथं बंद पडतील तिथं दिनेश गेला. बांधावर, तणसाच्या ढिगाआड, थंडीत बोटं सुन्न होईस्तोवर. दीपाली पंधरा दिवस त्याच्याशी मोजकंच बोलली, मग एके दिवशी स्वतःच्या बचत गटातून दहा हजार आणून त्याच्यापुढे ठेवले. "लिफ्ट पुढल्या वर्षी," एवढंच म्हणाली. होळीला नऊ दिवस असताना शेवटची रक्कम काकूच्या खात्यात पडली. जयाचा फोन आला. तिने पासबुकाचा फोटो मागितला, मग इंजिन बसवल्याचं बिलही मागितलं. दोन्ही बघून म्हणाली, "ठीक आहे." आणि फोन ठेवता ठेवता, "हाताले काय लागलं म्हणे तुह्या?"

"पट्ट्यात बोट आलं होतं. बरं आहे आता."

"जपून करत जा ना, भाऊ."

चैत्रात चंद्रपूरच्या आरटीओत तीन खेपा झाल्या आणि बुकावर दिनेशचं नाव आणि पुन्हा पेट्रोल चढलं. जीप पुन्हा बाजाराला निघाली त्या सकाळी शेजारपाजारचे जमले. इंजिनाने आधी दोनदा खोकून नकार दिला, तिसऱ्यांदा धरलं. काकू पदर सावरत पुढच्या सीटवर चढून बसली.

"कुठी जायचं, काकू?" दिनेशने विचारलं.

"ब्रह्मपुरीले. टिनाचा भाव विचारा लागते, छपरी नवी टाकतो मी." मग इंजिनाकडे कान देऊन म्हणाली, "लय पेट्रोल पीते का रे हे?"

"लय."

"मंग बजारातलं काम एकाच खेपीत आटपू," ती म्हणाली, आणि दिनेशने गियर टाकला.