काठावरून हरवलेला सामना

आधी गुन्हा कबूल करते, मग प्रवास सांगते. उल्हासनगरला जिंकत आलेला हुतुतूचा सामना मी हरवला. मी खेळत नव्हते हं. काठावर उभी राहून हरवला. हे सगळ्यांना जमत नाही.

स्वातंत्र्य पाच-सहा वर्षांचं आणि मी विशीतली, बदलापूर गावात नुकती मास्तरीण झालेली. गळ्यात शिट्टी, आणि डोक्यात समजूत अशी की जो मोठ्यानं ओरडतो तोच पुढारी. मुलींचा संघ मी उभा केला असं सांगत फिरायची. खरं तर पोरी आपापल्या उभ्या राहिल्या होत्या, मी नुसती त्यांच्यापुढे.

संघाचा जीव म्हणजे शेजारच्या मांजर्लीची ठकी. चढाईत मासोळीसारखी निसटायची. निघायच्या दिवशी तिचे वडील, बाळूदादा, तिला बैलगाडीपर्यंत सोडायला आले.

"बाय, आज जिकली त ठाण्याला खेळाया धाडीन. हारली त उद्यापासून शेतावर. लोकं बोलतात."

ठकी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मी ऐटीत म्हटलं, "काळजी कसली? मी आहे ना!"

तीच तर काळजी होती!

अंबरनाथपर्यंत पोरींनी गाणी म्हणून गाडीवानाचे कान किटवले. मलंगगड गाडीबरोबर चालतोय असं वाटत होतं. जुन्या शिवमंदिराजवळ बैल सोडले आणि मला शिकवण्याची हुक्की आली. "पकड अशी करायची," म्हणत ओढ्याकाठी ठकीचा घोटा धरला. तिनं पाय नुसता झटकला. मी पाण्यात! नेसत्या ओल्या पातळानिशी पुढचा प्रवास केला, मान मात्र ताठ.

उल्हासनगर पाहून हरखलेच. लष्कराच्या जुन्या बराकी, त्यांत सिंधहून आलेल्यांनी पोत्यांचे पडदे लावून थाटलेले संसार, आणि बाहेर बाजार असा, की जणू शंभर वर्षांचा! समोरच्या संघाच्या प्रमुख लाजवंतीबाई. मुली त्यांना दादी (सिंधीत थोरली बहीण) म्हणत. त्यांनी आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला. सिंधी घरात पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत.

"पहले पापड खाओ," त्या हसल्या, "फिर हमारी लड़कियों को खाना!"

सामना असा रंगला की बराकींच्या छपरांवर माणसं चढली. मी काठानं धावत ओरडत होते. दादी गोणपाटावर स्वस्थ बसलेल्या. त्यांची मुलगी बाद झाली की तिला शेजारी बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "क्या देखा?" ती कानात काहीतरी सांगायची, आणि पुढची चढाई नेमकी आमच्या कच्च्या कोपऱ्यावर यायची. मला वाटलं, बाईंना खेळातलं काही कळत नाही, म्हणून विचारतात!

गुण बरोबरीत. शेवटची चढाई ठकीची. तिनं दोघींना शिवलं, वळली, मधली रेषा हातभर उरली. मागून एक उंच मुलगी झेपावताना मला दिसली. ठकीला सावध करायला मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. ठकीला वाटलं पंचांचीच. ती थांबली, दम सुटला, आणि तिघी तिच्या अंगावर.

पंच म्हणाले, "शिट्टी तुमच्याच बाजूची. गुण त्यांचा."

आणि मी काय केलं? सगळ्यांदेखत विचारलं, "ठके, दम का सोडलास?"

दादींनी ठकीला आपल्या गोणपाटावर बसवलं, पाणी दिलं. "क्या देखा, बेटी?"

"काय नाय. बाईंची शिट्टी आयकली."

मग दाल-पकवान (घट्ट डाळ आणि कडक तळलेली पुरी) आलं. पोरी मिटक्या मारत होत्या. मी पुरीचा एकच तुकडा डाळीत बुडवत बसले.

परतताना गाडीत कुणी गायलं नाही. नशीब वाईट, पंच वाईट, मैदान वाईट. बाळूदादांना सांगायला मी खूप काही जुळवून ठेवलं होतं. दिवेलागणीला मांजर्ली आली. बाळूदादा वाटेतच उभे.

"हारलो," ठकी म्हणाली आणि घराकडे वळली.

ती पाठमोरी पोर बघितली आणि जुळवलेलं सगळं विसरले. "ठकी नाही हरली, मी हरवलं," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. तिला सगळ्यांसमोर टाकून बोलले तेसुद्धा. त्या दिवसाचं माझं पुढारपण काय ते एवढंच.

बाळूदादांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बाय," ते म्हणाले, "औताला जुपलेला बैल दोघांनी हाकला, त हुबाच ऱ्हातो. पोरीला ठाण्याला धाडतो मी. पन तुमी तोंड मिटून बसायचं."