डोकं तसंच राहू दे

ताई कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून साचे येतात. ती मेणात एकेक दात बसवते, घासते, चकचकीत करते. दिवसभर परक्यांच्या तोंडातल्या वस्तू हाताळते म्हणून असेल, घरात तिला कणभर घाण खपत नाही. मी तिच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. झाले आहे हे कळल्यावर म्हणाली होती, ‘कविता कर हवी तेवढी, पण न्हाणीत केस सोडून येऊ नकोस.’ मला ती सख्ख्या बहिणीसारखी होती.

ताईचा घटस्फोट झाला तेव्हा लेक तिच्याकडे राहिली. शनिवार-रविवार बापाकडे. लेक दुसरीत आहे. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. बाप लोकांना गाडी चालवायला शिकवतो. यंदा त्याने कोर्टात अर्ज केला. ताई संध्याकाळपर्यंत कामावर, पोर शेजाऱ्यांच्या दारात; आपल्याकडे आत्या दिवसभर घरी असते; तेव्हा मुलीचा ताबा आपल्याला द्यावा.

ताईचं जेवण सुटलं. भांडी घासताना एकदा म्हणाली, ‘ती गेली तर मी या घरात कुणासाठी पुसत बसू?’ मला भरून आलं.

कोर्टाच्या समुपदेशक बाई दोन्ही घरं बघायला येणार होत्या. त्याच आठवड्यात भिंगरी बापाकडून डोकं खाजवत आली.

ताईने तिला खिडकीशी नेलं, केस फाकवले आणि मला हाक मारली. कानामागे लिखाच लिखा. उवा चालताना दिसत होत्या. मला शिसारी आली. ताई मात्र खुशीत होती.

‘बघ, ही त्यांची देखभाल. आत्या घरी असते म्हणे.’

मी चपला घातल्या. मेडिकलमधून औषध आणते म्हटलं.

‘काही नको,’ ताई म्हणाली. ‘बाई येईपर्यंत डोकं तसंच राहू दे.’

मला वाटलं, चेष्टा करते आहे. तिने मोबाईल काढून फोटो घेतले.

बाई आजारी पडल्या. भेट पुढे गेली. उवा वाढत गेल्या. शाळेत भिंगरीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. खाजवून मानेवर खपल्या धरल्या, त्यांतून पाणी येऊ लागलं. ताईने स्वतःची उशी वेगळी केली. लेकीची वेगळी चादर रोज उकळत्या पाण्यात घातली. डोक्याला मात्र हात लावला नाही. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘तुला मूल नाही. तुला नाही कळायचं.’

शनिवारी भिंगरी बापाकडे गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आत्या तरी न्हाऊ घालेल. सोमवारी ती तशीच परत आली, वर बापाचा निरोप घेऊन. उवा तुमच्याकडच्याच आहेत, आम्ही हात लावलेला नाही, बाईंना बघू देत.

शेवटी बाई आल्या. ताईने लेकीला पुढे बसवून केस फाकवले. फोटो दाखवले. बाईंनी विचारलं, औषध का नाही लावलं? ताई म्हणाली, पुरावा राहावा म्हणून. अगदी सहज म्हणाली. मग बाईंनी भिंगरीला विचारलं, खाजतं का गं फार?

‘खाजतं. पण काढायच्या नाहीत,’ भिंगरी म्हणाली. ‘आईच्या आहेत की बाबांच्या, ते अजून ठरायचंय.’

बाईंनी मला औषध आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा त्या स्वतः फणी घेऊन बसल्या होत्या. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर जे पडत होतं ते मी सांगणार नाही. भिंगरी डोळे मिटून बसली होती. ताई लांब, दाराशी उभी होती.

कोर्टाने दोघांनाही झापलं. मुलीला इकडून तिकडे हलवून काही सुधारेल असं दिसत नाही, असं म्हणून आधीची व्यवस्था कायम ठेवली. ताई घरी आली ती हसतच.

‘जिंकलो गं.’

मी खोली शोधायला लागले होते. तिला अजून सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी भिंगरी आली, स्वच्छ न्हालेली, दोन घट्ट वेण्या घातलेली. ताईने तिला खिडकीशी नेलं. वेण्या सोडल्या. केस फाकवून बघितले. कानामागे बघितलं, मानेवर बघितलं. नखं बघितली. काहीच सापडलं नाही. तिचा चेहरा पडला.

भिंगरीने तो पाहिला. थोडा वेळ विचार केला. मग फ्रॉकची बाही वर सरकवून दंड पुढे केला.

‘इथे डास चावलाय, बाबांकडे. हे चालेल?’

ताईने तिचा दंड उजेडात धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाईल शोधू लागली.