दुसऱ्या आईचा न्याय

केक असो नाहीतर कलिंगड, मावशी सुरी हवेतच धरून थांबायच्या. डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत विचारायच्या, "कापू? बघा हं! खरी आई कोण?" कॅनडातल्या व्हिटबीतली, आमच्या गल्लीतली मुलं ओरडायची, "नो, डोंट कट!" जो सगळ्यांत मोठ्याने ओरडेल त्याला सगळ्यांत मोठा तुकडा मिळायचा.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. अलिबागकडच्या. त्यांचे वडील ज्यू शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तन करायचे. मी नागपूरची, त्यांची शेजारीण. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून दिला, तर त्यांनी चहाबरोबर मला शास्त्रातला शहाणा शलमोन राजा, म्हणजे किंग सॉलोमन, वाढला. मग दर चहाला राजा हजर. त्याला मुंग्यांची भाषा कळायची. शबा देशाची राणी खरी आणि खोटी फुलं घेऊन त्याची परीक्षा बघायला आली, तेव्हा त्याने नुसती खिडकी उघडली आणि मधमाशी खऱ्या फुलावर जाऊन बसली.

"आणि मावशी, तेव्हा असा हिवाळा असता तर?"

"तर स्प्रिंगपर्यंत थांबला असता. शहाणा होता तो, तुझ्या मॅनेजरसारखा नव्हे."

त्यांची लाडकी गोष्ट मात्र न्यायाची. दोन बायका, एकीचं मूल रात्रीत मेलेलं, आणि जिवंत मुलावर दोघींचा हक्क. राजा म्हणतो, तलवार आणा, अर्धं अर्धं करू. खरी आई म्हणते, तिलाच द्या, पण मारू नका. तुम्हीही कुठे ना कुठे ऐकली असेल. मला मात्र एक प्रश्न कुरतडत होता, तो एकदा त्या सफरचंद कापत असताना मी विचारला. "मावशी, त्या दुसरीचं पुढे काय झालं?"

मावशींनी सुरी खाली ठेवली.

"शास्त्रात नाही. कुणी विचारत पण नाही गो. तिचं मूल गेलं होतं ना?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा एक रात्र जगला. सकाळी शेजारच्या खाटेवरचं बाळ रडत होतं आणि त्याची आई गाढ झोपलेली. मावशींनी ते उचलून छातीशी लावलं. नर्सने हिसकावून घेतलं आणि अख्खा वॉर्ड त्यांच्याकडे बघत राहिला. "चोरी नव्हती गो. मला दूध आलं होतं."

ऐकून मला रडू आवरेना. त्याच मला चहा ओतून देत होत्या.

"एकदा तिला न्याय द्यायचाय," त्या म्हणाल्या. "वडिलांचं कीर्तन करून, मी. पण डॉक्टर गाऊ नको म्हणतो. छाती कधीपर्यंत साथ देईल, कोण जाणे."

मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाच्या, दिवशी त्यांच्या बेसमेंटमध्ये माणसं जमली. गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मांडलं होतं. मी झांज धरली. न्याय झाला, खऱ्या आईला मूल मिळालं, सगळे संपलं म्हणून हलायला लागले आणि मावशी गात राहिल्या. राजा सिंहासनावरून उतरला. त्या दुसरीपाशी गेला.

टोरांटोहून आलेले त्यांचे दीर म्हणाले, "वहिनी, हे शास्त्रात नाही."

"मधमाशी तरी कुठे आहे, भावजी?"

मावशींना धाप लागली होती, तरी त्यांनी चाल सोडली नाही. राजा जमिनीवर बसला आणि त्याने विचारलं, "बाई, तुझ्या बाळाचं नाव काय?"

तिथे मावशी थांबल्या. मी हळू झांज वाजवत राहिले. उत्तर आलंच नाही. त्या सरळ शेवटच्या प्रार्थनेवर गेल्या.

नंतर ताटं विसळताना मी विचारलं, "तिने काय सांगितलं राजाला?"

"आमच्यात मुलाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, सुंतेला. माझा तिथवर पोचलाच नाही."

"पण मनात काहीतरी असेल ना?"

त्यांनी नळ बंद केला. "राजाचंच."

त्या वर्षीचा बर्फ वितळायच्या आत मावशी गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. त्या कुटुंबातली मुलंही माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आमच्याकडे येतात, आणि माझी सुरी आपोआप हवेत थांबते. ओरडा होतो, केक कापला जातो. पहिला तुकडा मी वेगळ्या बशीत काढते.

"हू इज दॅट फॉर?" माझ्या मुलीने यंदा विचारलं.

"शलमोनसाठी."

"द किंग?"

"नाही गं. मावशींचा मुलगा."