शेवटी जेवणाऱ्यांची रांग

जेवणाची रांग मागे मागे सरकत होती. पहिला मुलगा पातेल्याजवळ यायचा, ताट उचलायचा, थबकायचा आणि जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहायचा. मग दुसरा पहिला व्हायचा. तोही तेच करायचा. रांग नळापर्यंत गेली, मग फाटकापर्यंत. वरण गार होत होतं.

मी कर्वेनगरच्या एका अकॅडमीत काम करतो. लेखी परीक्षा पास झालेली मुलं-मुली इथे सैन्यात अधिकारी होण्याच्या मुलाखतीची तयारी करतात. त्या मुलाखतीत नुसते प्रश्न नसतात. फळ्या, पिंपं, दोर देऊन अडथळे ओलांडायला लावतात आणि पुढाकार कोण घेतो ते बघतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. क्लास परवडण्यासारखा नव्हता. सर निवृत्त मेजर. त्यांनी सांगितलं, मैदान आणि जेवण तुम्ही सांभाळा, शिकवणी फुकट.

अकॅडमीचा हा कॅम्प कात्रजजवळ होता. सकाळच्या लेक्चरमध्ये सर म्हणाले होते, "अधिकारी नेहमी शेवटी जेवतो. आधी त्याचे जवान." ही सैन्यातली खरी रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते. बाकीच्यांनाही फार आवडली. अडचण एवढीच, की कॅम्पात सगळे भावी अधिकारीच होते. जवान व्हायला कोणी आलं नव्हतं.

"ब्रो, तू घे ना."

"नो नो ब्रो, आफ्टर यू."

"सोयरे रुसल्यात व्हय रं?" स्वयंपाकाच्या शांताकाकूंनी मला विचारलं. "माझी पातेली मोकळी करून दे बाबा. सांच्याला बिबवेवाडीत बारसं हाय."

झाडाखालच्या खुर्चीतून सर ओरडले, "इंगळे, जेवत का नाहीत हे?"

"सर, सगळे शेवटी उभे आहेत."

"मग पुढे कोण आहे?"

"पुढे कोणी नाही, सर."

"वा! आणि आपण पाहुणे म्हणून आलात का? अर्ध्या तासात सगळे जेवून मैदानावर हवेत. नाहीतर तुमची फुकट शिकवणी आजपासून बंद."

माझी मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. खरं तर दरडावून सांगायला हवं होतं, पण ते मला अजून जमत नाही. मला माहीत होती ती गावची पंगत. तिथे वाढपी शेवटी जेवतात. मी सतरंजीवर ताटं मांडली आणि चाचरत म्हणालो, "ज्यांना शेवटी जेवायचंय, त्यांनी प्लीज वाढायला या. वरणाची बादली जरा जड आहे."

मग एकाला आठवलं, की त्याने नाश्ताच केला नव्हता. दुसऱ्याचा खांदा सकाळी दोरावर लटकून दुखावला होता. बघता बघता सगळे मांडी घालून बसले. उभी राहिली एकटी ऋतुजा नावाची मुलगी. तिने बादली उचलली. मी भात घेतला.

"ओ भाऊ, इकडे पापड!" मघाचाच ब्रो ओरडला.

मैदान वेळेत भरलं. आम्ही दोघांनी तळाचं वरण आणि पापडाचा चुरा खाल्ला. शिकवणी वाचली.

संध्याकाळी सर सगळ्यांना म्हणाले, "आज काय शिकलात? लीडर आधी वाढतो, मग जेवतो. हे माझं जुनं तत्त्व आहे." टाळ्या झाल्या. ऋतुजा तेव्हा काकूंची पातेली टेम्पोत चढवत होती.

आता अकॅडमीच्या जाहिरातीत 'सेवेतून नेतृत्व' असं वेगळं सत्र आहे. मला कळलं ते एवढंच, की शेवटी जेवायला सगळे तयार असतात, वाढायला नसतात. सत्र सर घेतात. बादली मी आणतो.