अण्णांनी पाहिलेला सिनेमा

कूलरच्या वाळ्यावर पाणी टाकलं की तो ओला वास येतो आणि मला तसेच कूलर लावलेलं धाराशिवचं ते थिएटर आठवतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपणहून मला सिनेमाला नेलं ते तेवढं एकदाच.

अण्णा तुळजापुरात शिक्षक होते. दोन घराण्यांच्या वैरात जीव गमावणाऱ्या प्रेमिकांची जुनी कथा ते वर्गात वर्षानुवर्षं शिकवत. तिच्यावरच हा नवा, धीट सिनेमा निघाला होता. त्यातली जोडी मोटारसायकलवर हिंडायची, पडद्यावर बिनधास्त जवळ यायची. मी अंग चोरून बसले होते. अण्णा मात्र नजर न हलवता बघत होते. माझ्या ताईनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्यांनी दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला होता.

सिनेमाच्या शेवटी ती दोघं मेली. दिवे लागले, लोक उठून गेले, तरी अण्णा बसूनच.

"अण्णा, चला ना," मी म्हणाले.

"लई वर्षं शिकवलं मी हे," ते हळूच म्हणाले. "पोरांची चूक दर वर्षी सांगितली. बापांची एकदाही न्हाय."

बाहेर उन्हात येऊन त्यांनी मला जळकोटला, ताईला फोन लावायला सांगितलं. तेव्हा वाटलं, सिनेमानं त्यांना बदललं. आता वाटतं, ते आधीच बदलले होते, त्यांना फक्त निमित्त हवं होतं.

ताईचा आवाज आला तसा अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग कसंबसं म्हणाले, "जेवलीस का गं?"

पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. पुढच्या रविवारी अण्णा जळकोटच्या एसटीत बसले.