सासऱ्यांची हरकत

रस्ता रुंद केला तर आसपासच्या माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल, हे आधी शोधून काढण्याची कोणाला नोकरी असू शकते, हे माझ्या सासऱ्यांना आजही पटलेलं नाही. "रस्ता झाला की तब्येत सुधारतेच. ॲम्ब्युलन्स लवकर पोचते," एवढं बोलून ते पेपर उघडतात. ते स्वतः बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. अर्धा जन्म रस्ते करण्यात गेला आणि उरलेला ते किती चांगले केले हे सांगण्यात. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इकडे परदेशात, या बेटावरच्या सेम्बावांगला आणलं. विमानतळावरून घरी येताना त्यांनी नातीशी बोलायच्या आधी दुभाजक न्याहाळला आणि म्हणाले, "काम नीट आहे."

मी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करते. वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातल्या एका सल्लागार कंपनीला एका रस्त्याच्या अहवालातलं आरोग्याचं प्रकरण लिहायला माणूस हवा होता, म्हणून आमच्या प्राध्यापिकेने मला काही महिन्यांसाठी तिकडे धाडलं. पहिल्याच बैठकीत भिंतीवर नकाशा झळकला आणि त्यात मला आमचा ब्लॉक, म्हणजे आम्ही राहतो ती इमारत, दिसली. ज्या रस्त्याबद्दल लिहायचं तो आमच्या दारातलाच निघाला. मी टीमच्या प्रमुखाला तसं सांगितलं, हवं तर मला बाजूला ठेवा म्हटलं. हा प्रमुख म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याच्या आत एक अतिशय मऊ आवाज. तो म्हणाला, उलट छानच, आपल्याला स्थानिक ज्ञान मिळेल. हे ज्ञान त्याला किती दिवस गोड लागलं ते पुढे सांगते.

योजना अशी होती की रस्त्याला दोन्ही बाजूंनी एकेक लेन वाढवायची आणि गाड्या थांबू नयेत म्हणून आमच्या ब्लॉकसमोरचा पादचाऱ्यांचा सिग्नल काढून टाकायचा. माणसांनी पुलावरून जायचं. पुलाला लिफ्ट होती, पण ती 'दुसऱ्या टप्प्यात', कारण जमिनीखाली पाइप आणि केबल होत्या. दुसरा टप्पा कधी, हे विचारलं की सगळे लॅपटॉपमध्ये पाहायला लागत. माझ्या नवऱ्याला मात्र योजना ऐकूनच भरून आलं. त्याची कंपनी चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे आमच्या घरापासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बस लवकर पोचेल आणि सकाळी थोडी जास्त झोप मिळेल या आशेवर त्याने आपल्या जन्मदात्याचा सिग्नल आनंदाने सोडून दिला असता, आणि दिलाही.

आमच्या टीमने पाहणी कशी केली? रविवारी दुपारी व्हॅनमधून. एसी चालू, काचा बंद. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी मऊ सीटवर बसून अनुभवलं. मग ऑफिसात एक मोठा तक्ता तयार झाला. त्यात आवाज, धूळ, हवा, कंपनं असे रकाने होते. पुढे इलेक्ट्रिक गाड्या वाढणार म्हणून हवेचा रकाना हिरवा, म्हणजे धोका नाही. आवाजाला भिंत बांधणार म्हणून तोही हिरवा. चालणाऱ्या माणसांचा रकानाच नव्हता. तो मी भांडून घालून घेतला, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तोही हिरवा करून ठेवलेला. कारण काय, तर पुलाच्या जिन्यांमुळे ज्येष्ठ नागरिकांना व्यायामाची संधी मिळेल. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. लिहिणारी मुलगी हुशार होती, मोठ्या विद्यापीठातली होती, आणि मला वाटतं तिच्या ओळखीत एकही म्हातारं माणूस नव्हतं.

माझ्या घरात होतं. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बायपास झालेलं आहे. डॉक्टरांनी बजावलंय की सपाटीवर रोज चाला, पण दम लागेल असं काही करू नका. आमच्या बाजूला चालण्यासारखं काही नाही, नुसता कार पार्क. चालायची चांगली सावलीतली वाट, बाकं आणि कॉफीशॉप, सगळं रस्त्याच्या पलीकडे. बाबांचा मित्रही पलीकडेच राहतो. तो जुन्या शिपयार्डातून निवृत्त झालेला चिनी वेल्डर. बाबा त्याला वेल्डरसाहेब म्हणतात. दोघांना मिळून इंग्रजीतली जी काय थोडी वाक्यं येतात त्यांवर त्यांची मैत्री मजेत चालते. इथे ज्येष्ठांचं कार्ड सिग्नलच्या खांबाला टेकवलं की हिरवा माणूस जरा जास्त वेळ थांबतो. बाबा व्हिजिट पासवर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी नाहीत, त्यांना ते कार्ड नाही. म्हणून वेल्डरसाहेब रोज सकाळी रस्ता ओलांडून इकडे येतात, बाबांसाठी आपलं कार्ड टेकवतात आणि त्यांना सावकाश पलीकडे घेऊन जातात. सासूबाई गेल्यानंतर बाबा पुन्हा जेवायला लागले ते या फेरीमुळे, माझ्या स्वयंपाकामुळे नव्हे. तेवढं मला कळतं.

तर अशा या बाबांच्या दारात आमच्या कंपनीची सर्वेक्षणवाली मुलगी येऊन गेली. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा खुशीत होते.

"काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"उत्तम योजना आहे म्हटलं. पाण्याचा निचरा कसा करावा यावर दोन सूचनाही केल्या. पोरीने लिहून घेतल्या."

"आणि सिग्नल काढणार आहेत त्याचं?"

"ते तर करावंच लागतं. वाहतूक तुंबते."

"बाबा, तुम्ही त्याच सिग्नलवरून जाता."

"अगं, मी एकटा जातो म्हणून रस्ता अडवायचा?"

तिने त्यांना एक म्हातारा रहिवासी म्हणून विचारलं होतं आणि यांनी खात्यातर्फे उत्तर दिलं होतं. आमच्या तक्त्यात त्यांची नोंद 'ज्येष्ठ नागरिक, पूर्ण समाधानी' अशी पडली. मला इतका संताप आला की मी म्हटलं, लेखी हरकत घ्या, मी टाइप करून देते. त्यावर ते हसलेच.

"हरकत? मी? अगं, आयुष्यभर मी हरकती निकाली काढल्या. लोकांना बोलवायचं, शांतपणे ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा आणि 'दखल घेतली' असा शेरा मारून फाईल पुढे सरकवायची. हरकत ऐकायची असते, मानायची नसते. आता म्हातारपणी मी त्या रांगेत उभा राहू?"

जेवायला बसलेली लेक इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो मीन, लाह." आजोबांनी तिचीही दखल घेतली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग मी एक केलं. जवळच्या दुसऱ्या चौकात तसाच पूल होता, बिनलिफ्टचा. शनिवारी सकाळी बाबांना म्हटलं, चला, त्याचं काम कसं झालंय ते दाखवते. काम म्हटल्यावर ते लगेच बूट घालून तयार. पहिला जिना नीट चढले. मधल्या सपाट जागी थांबले आणि कठड्यावर बोटांनी टकटक करत उभे राहिले. जोड कसा दिलाय पाहा, म्हणाले. पुढच्या वळणावर पुन्हा थांबले, रंगाचा थर नखाने खरवडून पाहिला. वर पोचल्यावर बराच वेळ वाकून सांधा बघत राहिले. मी जवळ गेले तर त्यांची मान घामाने भिजलेली आणि श्वास असा की शब्द फुटेना. सांधा बिचारा ठीकच होता. "काम नीट आहे," ते शेवटी म्हणाले. उतरताना मी त्यांच्या पुढे राहिले. त्या सकाळी मला त्यांची जी माया वाटली तशी सासऱ्यांबद्दल वाटेल असं लग्न करताना मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सोमवारी मी प्रकरण नव्याने लिहिलं. हृदयाचे, गुडघ्यांचे, दम्याचे रुग्ण पलीकडे जाणं सोडून देतील. चालणं थांबेल, मग माणसं भेटणं थांबेल, आणि तब्येत बिघडेल ती त्यामुळे, धुराने नव्हे. लिफ्ट झाल्याशिवाय सिग्नल काढू नये, अशी शिफारस केली. प्रमुखाने मला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याचा आवाज आणखी मऊ झाला होता. तुझं घर तिथे आहे म्हणून तू भावनिक होते आहेस, असं तो म्हणाला. आधी जे स्थानिक ज्ञान होतं ते आता भावना झालं होतं. माझी शिफारस परिशिष्टात गेली आणि 'तब्येत बिघडेल'च्या जागी 'ये-जा करण्याच्या सवयीत किरकोळ बदल' असे शब्द आले. तक्त्यातला हिरवा रंग जरासा फिकट केला, हे त्यांच्या मते माझं समाधान.

अहवालाआधी रहिवाशांची सभा होती, कम्युनिटी क्लबात. आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस चर्चा झडली. जावं की नको, आपण पासवर आलेली माणसं, उगाच नाव कशाला पुढे. ऑफिसात साहेबाची बिनदिक्कत टर उडवणारे हे वीर, इथे सिग्नलबद्दल विचारायला त्यांची बोबडी वळली. शेवटी दोघेतिघे आले आणि मागच्या रांगेत, दाराजवळ बसले. माझा नवरा त्यांच्यातच. बाबा मात्र पहिल्या रांगेत, शर्ट खोचून, खिशाला पेन लावून. मी कंपनीच्या बाजूच्या टेबलाशी होते. ते आपल्या निचऱ्याच्या सूचनांचं काय झालं ते ऐकायला आले असणार, अशी माझी समजूत होती.

कोणाला काही म्हणायचंय का, असं प्रमुखाने विचारलं. बाबा उठले. जुन्या सरकारी इंग्रजीत, शब्द मोजत, ते म्हणाले की त्यांची कामाला हरकत नाही, क्रमाला आहे. आधी लिफ्ट बांधावी, मग सिग्नल काढावा. मग म्हणाले, माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि तो जिना मला चढवत नाही. घरात आम्हाला त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. इथे अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये माइक हातात धरून सांगत होते.

"थँक यू, अंकल. नोटेड," प्रमुख म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली.

त्या शब्दाचा अर्थ त्या हॉलमध्ये बाबांइतका कोणालाच ठाऊक नव्हता. मग माइक परत देऊन बसले. सभा संपल्यावर करी पफ आणि चहा होता. त्यांनी घेतला नाही.

घरी जाताना मी म्हटलं, "बाबा, चांगलं बोललात."

"त्या माणसाचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मीही तेच म्हटलं असतं."

"म्हणून तर मला राग येतो," मी म्हटलं, आणि मला खरंच आला होता. त्या मऊ आवाजाचा, मागे बसलेल्या नवऱ्याचा, आणि चालताना दर खांबाशी थांबून दिवे पाहिल्याचं सोंग करणाऱ्या या हट्टी म्हाताऱ्याचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर बाबा बूट घालून आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेजाऱ्यांच्या कुंड्या आणि चपला चुकवत.

"अहो बाबा, सिग्नल अजून चालू आहे," मी म्हटलं. "काम सुरूही झालं नाही."

"होणार आहे ना? मग आत्तापासून सवय केलेली बरी," ते म्हणाले आणि वळले.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. वेल्डरसाहेब नेहमीसारखे रस्ता ओलांडून आले होते आणि ब्लॉकखाली उभे राहून वर बघत होते. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी खाली गेले.

"अंकल नो कम? सिक, आ?" त्यांनी काळजीने विचारलं.

रस्त्यामुळे कोण आजारी पडेल हे सांगायलाच मला नेमलेलं होतं.

"नॉट येट, अंकल," मी म्हटलं.