आप्पांचं मागणं

आप्पा देवाशी भांडत. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली, आणि पहिल्याच सकाळी हॉलमधून आवाज आला, "हे बघ, कालचं माझं काम तू केलेलं नाहीस." मला वाटलं, फोनवर कुणा हाताखालच्या माणसाला झापताहेत. डोकावून पाहिलं तर आप्पा दत्ताच्या तसबिरीसमोर उघड्या अंगाने उभे, हातात फुलं. एका बँकेत हिशेब तपासण्यात जन्म घालवलेला, ऑफिसात कधी आवाज न चढवणारा हा माणूस देवापुढे मात्र मोकळा होई.

"दत्त बहिरा नाहीये, हळू बोला!" मालूकाकू आतून ओरडत.

मालूकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. घराचा खरा आवाज त्यांचाच. मी विद्यापीठातून दमून आले की दारातच, "काय गं, केलंस का जगाला शहाणं?" खालच्या बाजारातल्या फळवाल्या चिनी आंटीशी त्यांचं गूळपीठ. ह्या मराठी मिसळून इंग्रजी बोलत, ती चिनी मिसळून, आणि दोघी पोट धरधरून हसत. मूलबाळ नव्हतं. "मला हे एकच पोर पुष्कळ झालं," असं काकू आप्पांकडे बोट दाखवून म्हणत, आणि आप्पा लाजत.

एका संध्याकाळी जवळच्या पुंगोलला पाण्याकाठच्या वाटेवर दोघं फिरत होते. मागून भरधाव सायकल आली. काकू पडल्या, आणि डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलं. डोक्याचं ऑपरेशन झालं, तरी शुद्ध येईना. त्या दिवसांत आप्पा भांडले नाहीत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून एकच पुटपुटत राहिले, "जीव तेवढा ठेव. बाकी काही मागत नाही."

जीव राहिला. काकूंनी डोळे उघडले, पुढे काही आठवड्यांनी बोलूही लागल्या. आप्पांकडे बघून त्या पहिल्यांदा बोलल्या ते असं, "भाऊ, जरा पाणी देता का?"

आप्पांनी पाणी दिलं. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार लागला की असं होतं, ओळख कधी परत येते, कधी नाही. आप्पांनी नोकरी सोडली आणि काकूंना घरी आणलं. पण काकूंच्या लेखी ते परपुरुष. केस विंचरायला गेले की अंग चोरत, आंघोळीला हात धरला की किंचाळत. शेवटी आंघोळ मी घालू लागले. मी नसेन तेव्हा शेजारची मलाय माकचिक, म्हणजे मावशी, येई. "अंकल, यू गो रेस्ट लाह," म्हणत ती आप्पांना बाजूला करी. बेडरूममध्ये परका माणूस नको म्हणून आप्पा सोफ्यावर झोपू लागले. स्वयंपाक करत, औषधं देत, पाय चोळायला मला सांगत आणि स्वतः दारात उभे राहून बघत.

पूजेची घंटा वाजली की काकू कान दाबून रडत. आप्पांनी घंटा कपाटात ठेवली. उदबत्तीच्या वासाने काकूंना उलटी झाली, उदबत्ती बंद. एकदा काकूंनी निरांजनाच्या ज्योतीवर हात धरला, आणि दिवाही गेला. आप्पा आता नुसतं फूल वाहून गप्प उभे राहत.

"देवाचा राग नाही येत, आप्पा?" मी एकदा विचारलं.

"येतो की," ते म्हणाले. "पण पोरी, रागवायला तरी घरात कुणी नको का? ती तर माझ्याशी किती सभ्यपणे बोलते." मग म्हणाले, "मागताना माझंच चुकलं. नुसता जीव मागितला. बाकीचं सांगायचं राहिलं."

एका दुपारी काकूंच्या खोलीतून हाक आली, "अहो!" लग्नापासून त्या आप्पांना हीच हाक मारत आल्या होत्या. आप्पा हातातलं भाताचं पातेलं तसंच टाकून धावले. मीही मागे गेले. खोलीत एसी दुरुस्त करायला आलेला माणूस शिडीवर चढला होता. "अहो, सांभाळून," काकू त्याला सांगत होत्या. मग दारात उभ्या आप्पांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, यांना चहा टाका ना."

आप्पांनी चहा टाकला. कप भरून बशीत सांडू लागला तरी ते ओततच राहिले, तेव्हा मी किटली काढून घेतली.

काकूंना त्यांची नाशिकची बहीण तेवढी आठवत होती. अखेर आप्पांनी तिकडेच जायचं ठरवलं. फ्लॅट रिकामा केला. फळवाली आंटी पपई घेऊन निरोपाला आली. काकूंनी परक्या बाईला करावा तसा तिला नमस्कार केला, आणि ती लिफ्टपर्यंत डोळे पुसत गेली. दत्ताची तसबीर आप्पांनी टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतली. "तिकडेही लागेल," एवढंच म्हणाले.

चांगी विमानतळावर मी पोचवायला गेले. आत जायच्या आधी काकूंना एका बाकावर बसवलं. आप्पा पिशव्या सांभाळत शेजारी, मध्ये थोडं अंतर राखून बसले. काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"भाऊ, तुम्ही माझं एवढं करता," त्या म्हणाल्या. "तुमची बायको नाही का आली?"

आप्पांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली. "येतेय," ते म्हणाले. "मागून येतेय. जरा वेळ लागेल तिला."

"मग थांबू या की तिच्यासाठी," काकू म्हणाल्या, आणि मांडीवर हात ठेवून दाराकडे बघत बसल्या.